रबर-प्लास्टिक मिश्रणाचे छत: पत्रा, कौल आणि पडदा यांचे परीक्षण

रबर आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणातून केलेले छत तीन रूपांत मिळते: पन्हळी पत्रा, साच्यात दाबून काढलेले कौल आणि सपाट छतावर अंथरायचा गुंडाळीतला पडदा. तिघांची जाहिरात एकाच सुरात चालते. फुटत नाही, गंजत नाही, पावसात वाजत नाही, ॲस्बेस्टॉसचे तंतू नाहीत. हे बहुतांशी खरे आहे. जाहिरातीत छापलेले नसते ते असे की हा माल जळतो, आणि पुष्कळदा जळताना टपकतो. म्हणून या परीक्षणात ताकद, रंग, टिकाऊपणा यांना मागची रांग दिली आहे. आगीत काय होते हा पहिला प्रश्न, आणि उन्हात काय होते हा दुसरा.

पडद्याबद्दल थोडक्यात, कारण तिथे प्रश्न बरेचसे सुटलेले आहेत. टीपीओ नावाने मिळणारा पडदा म्हणजे पॉलिप्रोपिलीन आणि इथिलीन-प्रोपिलीन रबर यांचे मिश्रण. त्यात टायरचा चुरा नसतो. मधे पॉलिएस्टरची जाळी असते, जाडी साधारण १.१, १.५ किंवा २ मिमी, आणि सांधे गरम हवेने वेल्ड करतात. सुरुवातीच्या काळातल्या काही पडद्यांना उन्हात अकाली चिरा गेल्या. त्यानंतर एएसटीएम डी६८७८ या अमेरिकी मानकातली उष्णतेची चाचणी बरीच कडक झाली, आणि आज विकत घेताना त्याच मानकाचा अलीकडचा अहवाल मागावा. जागेवर एकच परीक्षा पुरते. वेल्ड थंड झाल्यावर सांध्याची २५ मिमी रुंद पट्टी कापून दोन्ही हातांनी सोलायची. थर फाटून आतली जाळी उघडी पडली तर वेल्ड पक्का. दोन थर एकमेकांपासून अलगद सुटले तर हवा थंड होती, यंत्र भरभर पुढे नेले किंवा पृष्ठभाग धुळीने माखलेला होता. हे काम दररोज सकाळी यंत्र सुरू करताना आणि हवामान बदलले की पुन्हा करायचे. पडदा चांगला, लावणारा उतावळा, अशीच बहुतेक गळक्या छतांची हकिगत असते.

खरी परीक्षा पत्र्याची आहे, कारण तिथेच टायरचा चुरा येतो.

टायरमधले रबर गंधकाने व्हल्कनाइज केलेले, म्हणजे कायमचे घट्ट केलेले असते. ते पुन्हा वितळत नाही. त्यामुळे १८० °से तापमानाला एचडीपीई (घट्ट जातीचे पॉलिइथिलीन प्लास्टिक) पातळ होते आणि रबराचे कण त्यात जसेच्या तसे पोहत राहतात. दोघांची एकमेकांना घट्ट धरायची इच्छा नसते. नुसते मिसळून काढलेला पत्रा दिसायला ठीक असतो, पण वाकवल्यावर कणाच्या कडेने चीर सुरू होते आणि पुढच्या कणापर्यंत धावते. उपाय तीन आहेत आणि चांगला उत्पादक तिन्ही करतो. भुकटी बारीक घ्यायची: ४० मेश, म्हणजे सुमारे ०.४ मिमी, किंवा त्याहून बारीक. ३ ते ५ टक्के कंपॅटिबिलायझर, म्हणजे दोघांना जोडून ठेवणारा पदार्थ घालायचा, बहुधा मॅलेइक अनहायड्राइड जोडलेले पॉलिइथिलीन. आणि रबराचे प्रमाण हावरटपणे वाढवायचे नाही. टायरचा चुरा स्वस्त म्हणून ५० टक्क्यांवर गेलेला पत्रा लवचीक होईल असे वाटते, प्रत्यक्षात तुटण्यापूर्वी ताणला जाण्याची त्याची क्षमता कोसळते. ‘७० टक्के पुनर्वापर केलेले रबर’ ही ओळ पत्रकावर दिसली तर आम्ही तो गुण मानत नाही.

एक वापरण्याजोगी कृती अशी. १०० किलो मिश्रणात एचडीपीई ३२ किलो, ४० मेशची रबर भुकटी १८, ज्वालारोधक म्हणून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड ४०, कंपॅटिबिलायझर ४, कार्बन ब्लॅकचा (काजळीचा) ४० टक्क्यांचा मास्टरबॅच, म्हणजे प्लास्टिकमध्ये आधीच मिसळलेले दाणे, ५.५ आणि अँटिऑक्सिडंट अर्धा किलो. भुकटी आणि हायड्रॉक्साइड दोन्ही आधी ८०-९० °से तापमानाला वाळवून ओलावा अर्ध्या टक्क्याखाली आणायचा. दोन स्क्रूंच्या एक्स्ट्रूडरमध्ये (माल वितळवून, मिसळून पुढे ढकलणाऱ्या यंत्रात) प्रथम प्लास्टिक व कंपॅटिबिलायझर, मग रबर, आणि हायड्रॉक्साइड बाजूच्या तोंडातून शेवटी. बॅरल १६० ते १८५ °से, आणि वितळलेल्या मालाचे तापमान १९५ च्या वर जाऊ द्यायचे नाही. कारण सरळ आहे: ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड २०० °सेच्या आसपास आपले पाणी सोडू लागते. आगीत तेच हवे असते, यंत्रात नको असते. पत्र्याच्या पाठीवर टाचणीच्या डोक्याएवढे फुगे दिसले तर एकतर माल ओला होता किंवा यंत्र फार तापले होते. त्याबरोबर गंधकाचा उग्र वासही येत असेल तर दुसरे कारण धरून चालावे, रबर करपले आहे.

हीच तापमानाची मर्यादा पॉलिप्रोपिलीनला नडते. त्याचा वितळणबिंदू १६० °सेच्या पुढे, आणि काम करायला २०० ते २३० लागतात. म्हणून पॉलिप्रोपिलीनच्या मालात मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड वापरावे लागते, जे ३०० °सेच्या पुढे विघटित होते आणि महाग पडते. कोणी पॉलिप्रोपिलीनच्या पत्र्यात ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड भरपूर असल्याचे सांगत असेल तर यंत्राचे तापमान विचारावे. उत्तर मजेशीर येते.

आता आग. पॉलिइथिलीन जळताना किलोमागे सुमारे ४३ मेगाजूल उष्णता देते, टायरचे रबर ३० च्या वर, सुके लाकूड १६ ते १८. म्हणजे ज्वालारोधक नसलेला हा पत्रा लाकडाच्या फळीपेक्षा वजनागणिक दुप्पट इंधन आहे. हायड्रॉक्साइड तापल्यावर आपल्या वजनाच्या जवळजवळ ३५ टक्के पाणी वाफ करून सोडते, पृष्ठभाग थंड ठेवते आणि मागे खनिजाचा कवच-थर उरतो. शिवाय जेवढे खनिज तेवढे इंधन कमी. पण यासाठी प्रमाण मोठे लागते. हॅलोजन (क्लोरिन, ब्रोमिन वगैरे) नसलेल्या विजेच्या तारांच्या आवरणात ते ६० टक्क्यांच्या घरात असते. वरच्या कृतीतले ४० टक्के ज्योत संथ करतात, टपकणे कमी करतात, तरी एवढ्यावर छताची वरची श्रेणी आपोआप मिळत नाही. ६० टक्क्यांवर पत्रा जड आणि ठिसूळ होतो. फुगून कोळशाचा थर धरणारी अमोनियम पॉलिफॉस्फेटची रसायने २० ते ३० टक्क्यांत काम करतात, मात्र महाग असतात आणि ओलाव्याला हळवी असतात. सारांश, फुकटचा ज्वालारोधक नाही. कुठेतरी ताकद, वजन किंवा पैसा मोजावाच लागतो.

‘व्ही-० दर्जा’ असे लिहिलेले पत्रक हातात पडले की सावध व्हावे. ती यूएल या अमेरिकी संस्थेची ९४ क्रमांकाची चाचणी आहे: छोट्या उभ्या पट्टीला छोटी ज्योत दोनदा लावतात आणि ती किती सेकंदांत विझते ते पाहतात. विजेच्या उपकरणांच्या भागांसाठी ती योग्य आहे. छतासाठी एएसटीएम ई१०८ किंवा यूएल ७९०, आणि युरोपीय पद्धतीत ईएन १३५०१-५ चे बी-रूफ वर्गीकरण. यूएल ७९० मध्ये सर्वांत वरच्या ए श्रेणीसाठी साधारण ३०० मिमी चौरस, २ किलो वजनाचा जळता लाकडी ठोकळा छतावर ठेवतात. सर्वांत खालच्या सी श्रेणीचा ठोकळा जेमतेम ९ ग्रॅमचा. ज्योत छतावर पसरायची मुभा ए ला १.८ मीटर, सी ला सुमारे ४ मीटर. ‘अग्निपरीक्षा उत्तीर्ण’ एवढेच म्हटले तर कोणता ठोकळा, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी आहेत. श्रेणी एकट्या पत्र्याला मिळत नाही, ती पूर्ण रचनेला मिळते: पत्रा, खालचा अस्तर-थर, फळ्या आणि उतार. तोच माल एका अस्तरावर ए असतो आणि साध्या अस्तरावर सी. अहवालाचे दुसरे-तिसरे पान वाचावे, तिथे अस्तराचे नाव असते. दुसरी गोष्ट, या सगळ्या चाचण्या आग वरून लागली असे धरून केलेल्या आहेत, शेजारून उडालेले निखारे वगैरे. खाली चूल, वेल्डिंग, जनरेटर किंवा वाळका चारा असेल तर आग खालून येते, आणि त्याबद्दल हे प्रमाणपत्र काहीही बोलत नाही. अशा जागी पत्र्याखाली १२.५ मिमी जिप्सम बोर्डाचे किंवा निदान धातूच्या पत्र्याचे अस्तर हवे. तेवढी तयारी नसेल तर हा माल तिथे लावू नये, मग तो कितीही चांगला असो.

अहवाल नसताना माल समोर आला तर चार परीक्षा घरच्या साधनांनी होतात.

घनता पहिली. तुकडा काट्यावर तोलावा, मग दोऱ्याने बांधून मोजपात्रातल्या पाण्यात बुडवून किती मिलिलिटर पाणी वर चढले ते पाहावे; ग्रॅमना मिलिलिटरने भागले की घनता. एचडीपीई आणि रबर यांचे निव्वळ मिश्रण १.०२ च्या आसपास येते. ३० टक्के हायड्रॉक्साइड असेल तर १.२३, ४० टक्क्यांना १.३३, ५० टक्क्यांना १.४३. विक्रेता ५० टक्के सांगतो आणि आकडा १.१ येतो, तर पुढे बोलायची गरज नाही. उलट आकडा जुळला तरी लगेच विश्वास ठेवू नये, कारण स्वस्त चुनखडीची पूडही वजन वाढवते आणि आगीत उपयोगाची नसते. म्हणून दुसरी परीक्षा: ताज्या कापलेल्या कडेचा कानशीने कीस काढून त्यावर पांढऱ्या व्हिनेगरचे थेंब टाकावेत. बुडबुडे आले तर चुनखडी आहे. आले नाहीत तर हायड्रॉक्साइड सिद्ध होते असे नाही, शंखजिऱ्याची पूडही शांत राहते. म्हणजे ही परीक्षा दोषी पकडते, निर्दोष ठरवत नाही.

तिसरी तांब्याच्या तारेची. जाड तांब्याची तार ज्योतीत रंग जाईपर्यंत तापवायची, तापलेलीच तुकड्याला टेकवायची, पुन्हा ज्योतीत धरायची. मोकळ्या हवेत, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहून. ज्योत गडद हिरवी झाली तर क्लोरिन किंवा ब्रोमिन आहे: भंगारातले पीव्हीसी किंवा जुन्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या कवचातले ब्रोमिनयुक्त ज्वालारोधक. त्यातले डेका-बीडीई २०१७ पासून स्टॉकहोम कराराच्या यादीत आहे. पीव्हीसी असेल तर आगीत हायड्रोजन क्लोराइडचा धूर होतो. मात्र हलकी हिरवट छटा टायरमधूनही येऊ शकते, कारण टायरचा आतला हवाबंद थर बहुधा हॅलोजनयुक्त ब्यूटाइल रबराचा असतो. शंका असेल तिथे प्रयोगशाळेतून क्लोरिन-ब्रोमिन मोजून घ्यावे.

चौथी, हातभर पट्टी वाकवून पाहण्याची. वाकलेल्या बाजूला नुसती पांढुरकी झाक आली तर ठीक. काळे दाणे सुटून खड्डे पडले तर कंपॅटिबिलायझर नाही किंवा नावाला आहे. कापलेल्या कडेत चकाकणारी तारेची टोके दिसत असतील तर टायरमधले पोलाद नीट काढलेले नाही; ती गंजून फुगतात आणि तिथूनच पाणी आत शिरते. पारदर्शक कडक कण दिसले तर बाटल्यांचे पीईटी आहे. ते २५० °सेच्या पुढे वितळते, १८० ला खड्यासारखे तसेच राहते.

उन्हाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: टायरमध्ये कार्बन ब्लॅक असतेच, मग वेगळे कशाला? टायरमधले काळे रबराच्या कणांत अडकलेले असते. त्यांच्या भोवतीचे प्लास्टिक उघडेच राहते आणि तेच आधी खडूसारखे सुटते. प्लास्टिकमध्ये वेगळे २ ते २.५ टक्के बारीक कार्बन ब्लॅक नीट विखुरलेले हवे. लाल, हिरवा, राखाडी पत्रा काढायचा तर कार्बन ब्लॅक चालत नाही, मग एचएएलएस जातीचे प्रकाश-स्थिरक घालतात. आणि इथे टायरचे गंधक आडवे येते. गंधकाची संयुगे आणि हॅलोजन ज्वालारोधकांतून सुटणारी आम्ले या स्थिरकांना निकामी करतात. म्हणून टायरच्या चुऱ्याचा रंगीत पत्रा आम्हाला मुळातच पटत नाही. रंग हवा असेल तर वरचा पातळ थर रबराविना, वेगळा एक्स्ट्रूड केलेला असावा.

बसवताना गोंधळ होतो तो लोखंडी पत्र्याच्या सवयीमुळे. पोलाद दर अंशाला लांबीच्या १२ दशलक्षांश वाढते. खनिज न भरलेले हे मिश्रण १५० च्या आसपास. ३ मीटरचा पत्रा सकाळ ते दुपार ४० अंश तापला तर पोलाद दीड मिलिमीटरही वाढत नाही, हा १८ मिमी वाढतो. ४० टक्के खनिज असेल तर याहून कमी. स्क्रू घट्ट आवळला की पत्रा दोन स्क्रूंच्या मधे कमान धरतो, रात्री आखडताना भोकाच्या कडेला चीर जाते, आणि दोष मालाला लावला जातो. भोक स्क्रूपेक्षा ४ ते ६ मिमी मोठे पाडावे, पन्हळीच्या माथ्यावर. वर २५ ते ३० मिमीचा ईपीडीएम रबराचा वॉशर. वॉशर किंचित दबला की थांबायचे; तो बशीसारखा वाकला तर स्क्रू अर्धा फेरा मागे घ्यायचा. मऊ पीव्हीसीचे वॉशर नकोत, त्यांतले तेल झिरपून ते कडक होतात. लांब पत्र्याची मधली एकच ओळ घट्ट, बाकी सरकती. टोकाचा चढ १५० मिमी, बाजूचा दीड पन्हळ. शक्य तर ३ मीटरहून लांब पत्रा घेऊच नये.

पर्लिनचे (पत्र्याखालच्या आडव्या आधारांचे) अंतरही वेगळे. काळे छत भर उन्हात ७० °सेच्या पलीकडे जाते आणि त्या तापमानाला एचडीपीई स्वतःच्या वजनाने सावकाश झोळ धरते. पोलादी पत्र्याला दीड मीटर चालते म्हणून जुन्याच सांगाड्यावर हा टाकला की दुसऱ्या उन्हाळ्यात पन्हळीत पाणी साचू लागते. ४ मिमी जाडीला आम्ही ६०० मिमीपासून सुरुवात करू, आणि पन्हळ खोल असेल, चाचणी सांगत असेल तरच वाढवू. चाचणी सोपी आहे: दोन आधारांवर ठरवलेल्या अंतरावर पत्रा ठेवून वर वाळूच्या पिशव्या, ७० °सेच्या खोलीत २४ तास. भार काढल्यावर राहिलेला कायमचा झोळ मोजायचा. पुरवठादार नुसता थंड खोलीतला भार-आकडा देत असेल तर तो छताचा आकडा नव्हे. पाय ठेवायचा तो पर्लिनच्या ओळीवरच, आडवी फळी टाकून. ओला पत्रा घसरडा असतो.

छताचे पाणी साठवणाऱ्यांसाठी मत स्पष्ट आहे: टायरच्या चुऱ्याच्या पत्र्यावरचे पाणी पिण्यासाठी धरू नये. टायरमध्ये साधारण एक टक्का जस्त असते आणि ते पावसाच्या किंचित आम्लधर्मी पाण्यात झिरपते. रबर टिकावे म्हणून घालतात ते ६पीपीडी ओझोनशी संयोग होऊन ६पीपीडी-क्विनोन बनते. कोहो सामन मासे त्याने मरतात, हे २०२० च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. मत्स्यतळ्यात उतरणारी पन्हळ या छतावरून नेऊ नये.

कौलांना पत्र्यापेक्षा अधिक गुण. आकार लहान असल्याने प्रसरणाचा त्रास जवळजवळ उरत नाही, झोळ धरायला जागा नसते, आणि जाडी ६ ते १२ मिमी असल्याने गारांचा मार चांगला सोसतात. यूएल २२१८ ची चौथी श्रेणी त्यांना मिळू शकते: ५० मिमीचा पोलादी गोळा ६ मीटरवरून एकाच जागी दोनदा टाकतात. साच्यात माल ६० °सेखाली थंड होण्याआधी काढला तर कौल पिळवटते; सपाट फरशीवर ठेवून चारही कोपरे दाबून पाहावेत, एखादा डुलत असेल तर ती खेप परत. वजन जास्त, खिळे जास्त, मजुरी जास्त. आग लागली तर पत्र्याइतकीच, किंबहुना जाडीमुळे इंधन अधिक, त्यामुळे अस्तराची अट इथे दुप्पट कडक.

आमची उतरंड अशी. सपाट छताला टीपीओ पडदा, वेल्ड तपासणारा माणूस हजर असेल तर निःशंक. राहत्या घराला कौल, ए श्रेणीच्या अहवालात लिहिलेल्या अस्तरासह. पन्हळी पत्रा सायकली-अवजारांची शेड, पंपघर, चालण्याच्या वाटेवरचे छप्पर यांना, काळा, घनता १.३ च्या वर. स्वयंपाकघर, गवताची गंजी, बॅटऱ्या चार्ज करण्याची जागा यांवर नाही. हमीपत्रात ‘रंग व गळती’ एवढेच असेल तर झोळ आणि खडूसारखे सुटणे त्यात येत नाही, हे सही करण्यापूर्वी लिहून घ्यावे. कापकाम बारीक दातांच्या करवतीने, धुळीचा मास्क लावून करावे, आणि उरलेले तुकडे जाळू नयेत. ज्याने पत्रा बनवला त्यालाच ते दळून पुन्हा वापरता येतात, कारण आत कोणते खनिज किती आहे हे त्यालाच ठाऊक असते. खरेदीच्या वेळीच तुकडे परत घेण्याची अट घालावी.